उंबऱ्याखाली चार बोटे

ज्या घराबद्दल मी लिहिणार आहे ते आज जागेवर नाही. ते पाडले गेले, आणि ते पाडावे असे ज्या कागदावर लिहिले होते तो कागद माझ्या हातचा आहे. ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही, मुलांनाही नाही. आईला ठाऊक होती, पण आई आता नाही. माझ्याशिवाय ती जाणणारे कुणी उरले नाही, आणि एकट्यापाशी ठेवली तर मी ती हळूहळू माझ्या सोयीची करून टाकीन अशी भीती वाटते. म्हणून लिहितो.

तेव्हा औरंगाबादेत निजामाचा अंमल होता. खाम नदीच्या काठाला, उतारावर, दहा-बारा घरांची आमची आळी होती. खालच्या अंगाला परीट, वर रंगाऱ्यांची दोन-तीन घरे आणि त्यांच्या मागे आमचे. माझे वडील गुलमंडीत एका कापडवाल्याकडे गुमास्ता होते. दुकानातले कापड रंगवायला नदीवर जायचे, त्या ओळखीने त्यांना तिथे घर मिळाले. शेजारच्या रंगरेजाच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. बहिणीच्या जन्मानंतर आई दोन महिने तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा मी खालाच्याच घरी जेवत होतो. आईला ते माहीत होते. आजीला कळू दिले नाही, एवढेच.

खालाच्या मागच्या खोलीत निळीचे तीन माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले होते. ते तिच्या सासऱ्याच्या वेळचे. निळीचा माठ नुसते भांडे नसते. त्यातले पाणी आंबवून जिवंत ठेवावे लागते. चुना, गूळ, तरोट्याचे उकडलेले बी, हे सगळे त्याला वेळेवर घालावे लागते. थंडीत भोवती शेणाचा उबारा करावा लागतो. रोज सकाळी खाला झाकण काढून वास घ्यायची आणि सांगायची, "मधला आज रुसलाय." मग त्याला थोडा गूळ. माठ एकदा मेला की नवा लावायला महिने जातात, आणि तो नीट लागेलच असे नाही. पुरलेला माठ उकरून दुसरीकडे नेता येत नाही, हे आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

खालाच्या नवऱ्याला लिहिता-वाचता येत असे. रंगाऱ्यांत ते थोडे नवल होते. नदीच्या ओल्या वाळूवर, कापड ढवळायच्या काठीने, त्यांनी मला अलिफ-बे शिकवले. पुढे मला कचेरीत उमेदवारी मिळाली ती माझ्या उर्दू अक्षरामुळे.

आता त्या रेघेविषयी सांगतो.

आमच्या आळीत एक रीत होती. पूर ओसरला की घरातल्या वडील बाईने दाराच्या चौकटीवर गेरूची आडवी रेघ ओढायची. तिला पाण्याची रेघ म्हणत. हिंदूंच्या घरी तिला हळदकुंकू लागे, खाला ऊद जाळायची. पण रेघ पाणी जिथे पोचले तिथे ओढायची नाही, त्याच्या एक हात वर ओढायची. समजूत अशी की पाण्याचे खरे माप घेतले तर पुढच्या साली ते माप मोडायला पाणी येते. त्यापेक्षा नदीला आपणच मानाने वर नेऊन ठेवावे, म्हणजे तिला चढून यावे लागत नाही. आणि खरे पाणी कुठपर्यंत आले होते ते तोंडाने कधी बोलायचे नाही. कुणी विचारले तर रेघेकडे बोट दाखवायचे.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना मोठे पाणी आले. जिवंत माणसांच्या आठवणीत तेवढे पाणी दुसरे नव्हते. परटांची घरे बुडाली. आम्ही सगळे खालाच्या घरात दाटीने बसलो होतो, कारण तिचे जोते उंच होते. पाणी एकेक पायरी चढत आले आणि उंबऱ्याच्या खाली थांबले. मी पालथा पडून उंबरा आणि पाणी यांच्यामध्ये बोटे लावून पाहिली. चार बोटे बसली. खालाने माझा हात धरून मागे ओढला आणि पाठीत एक रट्टा दिला.

"माप काढतंय कार्टं," ती आईला म्हणाली. "वहिनी, ह्याला सांगा काही."

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तिने रेघ ओढली. उंबऱ्याच्या वर, जवळजवळ माझ्या मांडीला लागेल अशी.

मी पंधरा वर्षांचा झालो तेव्हा आम्ही गुलमंडीच्या मागच्या गल्लीत राहायला गेलो. खालाचा नवरा वारला. तिची मुलगी लग्न होऊन लासूर स्टेशनला गेली. खाला एकटी ते तीन माठ सांभाळत राहिली. वडिलांच्या दुकानाचे कापड तिच्याकडेच जायचे, आईची लुगडीही.

बाविसाव्या वर्षी मी घरबांधणीचे परवाने देणाऱ्या कचेरीत उमेदवार होतो. नोकरी पक्की व्हायची होती. त्या सुमारास नदीकाठच्या घरांबद्दल नवा हुकूम आला. काठावरच्या ज्या घराच्या आत पूर शिरल्याचा पुरावा असेल ते उठवायचे. ज्याच्या उंबऱ्याच्या आत पाणी कधी आले नाही, त्याला नदीच्या बाजूने दगडी भिंत घालण्याच्या अटीवर इजाजतनामा द्यायचा. नियम वाईट नव्हता. परटांची मुले त्या मोठ्या पाण्यात गेली होती, ती मी पाहिली होती.

पाहणीला मोहतमीम साहेब, म्हणजे आमच्या कचेरीचे मुख्य अधिकारी, स्वतः निघाले. ते हैदराबादहून नुकतेच आले होते, कामात काटेकोर, कुणाकडून पानसुद्धा न घेणारे. मी तिथलाच म्हणून त्यांनी मला लिहायला बरोबर घेतले. निघताना शेजारच्या मेजावरचा कारकून म्हणाला, "जा, नदीवाल्यांचे वकील. आज तुमच्या लोकांची सगळी घरं वाचणार." दोघे-तिघे हसले. साहेबांच्या कानावर ते गेले की नाही मला कळले नाही. पण वाटेभर मी तोच विचार करीत चाललो, की आज मी कुणाचा नाही हे दिसले पाहिजे.

खालच्या घरांचे काम लवकर झाले. तिथे पाणी खरेच आत शिरले होते, माणसे स्वतःच सांगत होती. मग आम्ही खालाच्या पायऱ्या चढलो. ती कापड वाळत घालीत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला.

"अरे, किती सुकलास," ती म्हणाली. "तुझी आई काय कचेरीतच जेवाय पाठवती का तुला?" मग साहेबांकडे वळून, दोन्ही हात जोडून, "साब, ये मेरे दालान में नंगा फिरता था. अब देखो, कागजांवाला हो गया."

शिपाई हसला. साहेबही हसले, चांगल्या मनाने. माझे कान तापले. त्या क्षणी मला खालाचा राग आला. हे लिहायला जड जाते, पण पुढे जे झाले त्याच्या मुळाशी नोकरीइतकाच हा क्षुद्र रागही होता.

साहेबांना चौकटीवरची रेघ दिसली. ही काय, त्यांनी मला विचारले. मी सांगितले, पाण्याची रेघ, पूर गेल्यावर ओढतात. ते खूश झाले. लोकांनी स्वतःच्या दारावर स्वतःच नोंद ठेवली आहे, याहून चांगला पुरावा कोणता, असे म्हणाले. मग त्यांनी खालाला विचारले, "पानी यहाँ तक आया था?"

 तिने माझ्याकडे पाहिले. ती विनवणी नव्हती. भरलेली घागर खाली ठेवायची वेळ आली की आपण जवळच्या माणसाकडे पाहतो, तसे तिने पाहिले. मग ती म्हणाली, "जी हौ साब. यहाँ तलक."

साहेब माझ्याकडे वळले. "आप तो यहीं के हैं. सही है?"

पाणी उंबऱ्याच्या खाली चार बोटे थांबले होते. मी माझ्या बोटांनी ते मोजले होते. रेघ एक हात वर असते हे सांगायला एक वाक्य लागले असते. साहेबांनी ते ऐकले असते, तसे ते होते. दुसऱ्या घरांवरच्या रेघा दाखवून मी ते पटवूही शकलो असतो.

मी म्हणालो, "जी."

आणि पंचनाम्यात लिहिले. पूर उंबऱ्याच्या वर एक हात.

घरी आल्यावर आईने विचारले, "तिचं काय झालं?"

"उठवणार," मी म्हणालो. "रेघ उंबऱ्याच्या वर आहे."

आई तांदूळ निवडत होती. ती थांबली. "तू काय सांगितलंस?"

"तिनंच सांगितलं. साहेबांनी तिलाच विचारलं."

"ती सांगणार कशी? तिच्या तोंडानं ती पाणी खाली सांगेल का?" आईने सूप बाजूला ठेवले. "आन् तुला विचारलं का नाय?"

मी टोपी काढून खुंटीला लावली. आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. त्या दिवसापासून तिने एकही लुगडे रंगवायला दिले नाही. विटलेली नेसत राहिली. 

घर उठवण्याचा कागद दारावर लागला. तीन महिन्यांची मुदत होती, आणि एक अर्ज करायची सवलत. मुदतीच्या दुसऱ्या महिन्यात खाला कचेरीत आली. बाहेर कडुलिंबाखाली अर्ज लिहिणारे बसत, त्यांच्याकडे न जाता ती सरळ माझ्या मेजापाशी आली. तिथे ती फार लहान दिसली. हातातला कोरा कागद तिने माझ्यासमोर ठेवला.

"तू लिही," ती म्हणाली. "काय लिहायचं ते तुला ठाऊक हाय."

हा दुसरा प्रसंग. पहिल्या वेळी निदान घाई झाली असे तरी मी स्वतःला सांगू शकतो. या वेळी माझ्यापुढे सबंध दुपार होती. खरे लिहायचे तर पंचनाम्यातले माझे वाक्य खोटे ठरत होते, आणि त्याच महिन्यात माझ्या नोकरीचा कागद साहेबांच्या सहीला जाणार होता. मी छान अक्षरात अर्ज लिहिला. अर्जदार विधवा आहे, एकटी आहे, पोटाचा दुसरा धंदा नाही, तरी हुजूरांनी रहम करावा. रेघेचा शब्द नाही, उंबऱ्याचा नाही. वाचून दाखवू का म्हणून विचारले.

"नक्को," ती म्हणाली. "तू लिहिलंस ना." आणि अंगठा उठवला.

साहेबांनी अर्ज वाचला आणि मला बोलावले. बाईबद्दल त्यांना वाईट वाटत होते, ते दिसत होते. म्हणाले, रहम करून पुराचे पाणी थांबत नाही, यात पाण्याबद्दल नवीन काही आहे का? मी म्हणालो, नाही. त्यांनी अर्ज नामंजूर केला. पुढच्या आठवड्यात मी पक्का झालो. आईने देवापुढे साखर ठेवली, पण मला हातावर दिली नाही. मी स्वतः घेतली.

घर पाडायच्या दिवशी जागा मोकळी झाल्याचा शेरा लिहायला मलाच पाठवले गेले. आदल्या दिवशी खालाने माठांतले पाणी ओळखीच्या एका रंगारणीला दोन घागरी दिले होते, विरजण म्हणून. एक घागर स्वतःसाठी ठेवली होती. मजुरांनी पत्रे उतरवले, भिंती पाडल्या. माठ तसेच सोडता येत नव्हते, कुणी पाय घसरून पडले असते. कुदळीने ते फोडले. निळे पाणी पायऱ्यांवरून उतरत गेले. खाला ते बघत एका बाजूला बोचक्यांवर बसली होती. एका मजुराने तिला विचारले, "मावशी, हे काय हाय?"

"सासरा हाय माझा," ती म्हणाली. मजूर हसला. तीही थोडी हसली.

मी तिच्याजवळ गेलो नाही. शेरा लिहिला आणि आलो.

लेकीकडे ती गेली नाही. जावयाच्या दारात बसून खाणे तिच्याने झाले नसते. कायगावला गोदावरीवर तिचा भाऊ नाव चालवीत असे, उतारूंना पलीकडे नेत असे. ती त्याच्याकडे गेली. मी दीड वर्षाने तिथे गेलो. जाताना एक कागद नेला होता. घाटाच्या वर सरकारी पडीक जागा होती, तिथे झोपडीची इजाजत मिळावी असा तिच्या नावाचा अर्ज, मीच लिहिलेला, सही-शिक्क्यापर्यंत नेऊन ठेवलेला. फक्त तिचा अंगठा हवा होता.

भावाच्या घरात जागा नव्हती. त्याची एक जुनी नाव होती, उतारू नेण्याइतकी धड उरलेली नव्हती, पण तरंगत होती. अर्धी पाण्यात, अर्धी काठावर, बाभळीला बांधलेली. तिच्यावर बांबूच्या तट्ट्यांचे छप्पर घालून खाला तिच्यात राहत होती. आत एक चूल, एक गोधडी. ती भांडी घासत होती. आयुष्यभर कोपरापर्यंत निळे असलेले तिचे हात मी प्रथमच साध्या कातडीच्या रंगाचे पाहिले.

"ये," ती म्हणाली. "वाकून ये, डोकं लागंल."

मी आत बसलो. नाव जरा हलली. घागरीत नेलेल्या निळीचे काय झाले, मी विचारले.

"वाटंतच मेली. ऊन लई व्हतं." मग एक भांडे विसळत, "पक्की झाली का नोकरी?"

"झाली."

"बरं झालं."

मी सांगायला सुरुवात केली. चार बोटांचे, त्या दिवशी मी काय बोललो त्याचे, अर्जाचे. ती राख लावून एक पितळी पुसत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "ठाऊक हाय की."

"मग खाला, तू का नाही सांगितलंस? एवढं घर जात होतं."

"मी कसं सांगू?" ती खरोखर चकित झाली. "माझ्या तोंडानं मी नदीला खाली आणली असती, आन् फुडच्या साली आळीत शिरली असती तर? परटाची दोन लेकरं आधीच गेल्याती." पितळी तिने पालथी घातली. "तू सांगू शकत व्हतास. कागदावर लिहिल्यालं तिला काय ऐकू येतंय? मी म्हणलं, ह्यो लिहील. म्हणून तर मी हौ म्हणलं साबाला."

म्हणजे तिने हो म्हटले ते माझ्या भरवशावर. हे मला तोवर कळले नव्हते. मी समजत होतो की आम्ही दोघेही गप्प राहिलो. ती गप्प राहिलीच नव्हती. तिचा अर्धा भाग तिने केला होता.

मी खिशातला कागद काढला. झोपडीबद्दल सांगितले. तिने तो हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला, आणि परत दिला.

"इथं कागद लागत नाय," ती म्हणाली. "पाणी आलं की ही वर जाती. उतरलं की खाली येती. कुणी मोजाय येत नाय."

"पण खाला, थंडीत, पावसात..."

"जा आता," ती म्हणाली. "शेवटची मोटार जाईल तुझी." रागावून नाही. भाऊ आला, त्याने मला रस्त्यापर्यंत सोडले. तो वाटेत एवढेच म्हणाला की ती सकाळी उठून नावेच्या तळाला नाक लावून वास घेते, सवयीने. मग काहीतरी आठवल्यासारखी उठते.

त्यानंतर दोन पावसाळे गेले आणि तिसऱ्याच्या आधी ती तापाने वारली. भावाने लासूरला लेकीला कळवले, मला नाही. मला गुलमंडीत एका रंगाऱ्याकडून महिन्याने कळले. मी घरी जाऊन आईला सांगितले. आई बराच वेळ हात धूत राहिली.

आणखी पुष्कळ वर्षांनी, राज्य बदलण्याच्या थोडे आधी, मी कचेरीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर होतो. ते मोहतमीम साहेब कधीच बदलून गेले होते. मी जुन्या दप्तरातून ती फाइल काढवली आणि तिला एक दुरुस्तीचा शेरा जोडला. पूर उंबऱ्याच्या आत आला नव्हता, उंबऱ्याखाली चार बोटे थांबला होता, रेघ रिवाजाप्रमाणे एक हात वर काढलेली होती, आणि पंचनामा लिहिणाऱ्याला हे त्या वेळी ठाऊक होते. खाली सही केली.  आणि फाइल नव्या साहेबांपुढे ठेवली.

त्यांनी ती शांतपणे वाचली, दोनदा. मग विचारले, घर आहे का? मी म्हणालो, नाही. जागेवर काय आहे? काही नाही, मी म्हणालो, मोकळी आहे. इतक्या वर्षांत तिथपर्यंत पाणी आले? नाही आले.

"अर्जदार हयात आहे?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे थोडे पाहिले.  शेऱ्याखाली दोन शब्द लिहून त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. दाखल दप्तर. म्हणजे दप्तरी लावा, पुढे काही करणे नाही.

फाइली बंद करणे तेव्हा माझ्याच कामात होते. मी ती मेजावर नेली, फीत बांधली, नंबर घातला आणि कपाटात ठेवून दिली.